पाव आण्यापुरता सुलतान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मस्कतचे, म्हणजे आजच्या ओमानचे, सुलतान फैसल बिन तुर्की यांच्या तांब्याच्या नाण्यांवर लेख आला, आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचे पत्र. लेखकाचे म्हणणे असे, की ज्या राजाने स्वतःच्या नावाचे नाणे पाडले तो स्वतंत्रच मानला पाहिजे. पत्रलेखकाचे म्हणणे नेमके उलटे. नाण्यावर इंग्रजी अक्षरे आहेत, किंमत आण्यात आहे, तेव्हा हा आपल्याकडच्या संस्थानिकांसारखाच एक मांडलिक. दोघांनीही नाण्यावरचा मजकूर वाचला. नाणे कोणत्या धातूचे आणि केवढ्या किमतीचे, याचा विचार मात्र कोणी केला नाही. मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, त्यातली बरीच वर्षे मस्कतशेजारच्या मत्रा बंदरातल्या एका पेढीत. माझी नजर आधी आकड्यावर जाते, आणि या नाण्याचा आकडा आहे पाव आणा. १३११ हिजरी सालात तर आण्याचा बारावा हिस्साही, म्हणजे आपली एक पै, पाडलेली आहे. पण पाव आण्याच्या वर फैसल यांचे नाणे नाही. चांदीचे नाही, सोन्याचे नाही. १८८८ ते १९१३ अशी पंचवीस वर्षे राज्य केलेल्या माणसाची एवढीच टांकसाळ.

आधी पत्रलेखकांचा मुद्दा. मस्कत हे संस्थान नव्हते आणि हे नाण्यावरूनच कळते. आपल्या पवारांच्या देवासची १८८८ सालची किंवा धारची १८८७ सालची तांब्याची नाणी पाहावीत. त्यांच्या एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे. संस्थानाचे नाव दुसऱ्या बाजूला, राणीच्या पाठीशी. फैसल यांच्या पाव आण्यावर राणी नाही, मुकुट नाही. साल हिजरी आहे. एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘फेसुल बिन टर्की’ असे काहीसे ओबडधोबड नाव आणि ‘मस्कत आणि ओमानचा इमाम’ हा किताब. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर इंग्रज आणि फ्रेंच या दोघांनी १८६२ साली लेखी जाहीर केले होते, की मस्कतच्या सुलतानाचे स्वातंत्र्य आम्ही मानू. ज्याच्या स्वातंत्र्याची हमी दोन परके आपसात देतात, त्याचे स्वातंत्र्य कसले, हा प्रश्न रास्त आहे. पण ते देवास नव्हते, एवढे खरे.

आता लेखकांचा मुद्दा, आणि इथे मला जास्त थांबायचे आहे. फैसल यांच्या राज्यात खरा पैसा कोणता होता? मारिया तेरेसा थेलर. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तिच्याच मुखवट्याचे, तेच १७८० साल घातलेले चांदीचे नाणे पाडले जात राहिले, कारण अरबस्तानात आणि हबसाणात, म्हणजे इथिओपियाकडे, लोक दुसरे घेईनात. (दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. मत्र्याच्या बाजारात मी हाताळलेल्या थेलरांपैकी काही फोर्टातून निघालेले असतीलच.) ओमानच्या डोंगरातला माणूस खजूर विकून थेलर घेई, मुलीच्या लग्नात थेलर देई, सोनार तोच वितळवून खंजिराची मूठ मढवी. किनाऱ्यावर, बंदरात, कच्छी भाटियांच्या पेढ्यांवर हिंदुस्थानचा रुपया चाले. म्हणजे घाऊक व्यवहार एका मेलेल्या परदेशी राणीच्या नाण्यात आणि उधारी-हुंडीचा व्यवहार एका जिवंत परदेशी राणीच्या नाण्यात. या दोघींच्या मधली जी सुटी मोड, तेवढ्यावर सुलतानाचे नाव.

थेलर आणि रुपया यांचे नाते किती महत्त्वाचे होते ते एका आकड्यात दिसते. फैसल यांचे आजोबा सय्यद सईद बिन सुलतान १८५६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या राज्याचे दोन तुकडे झाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचे झांझिबार एका मुलाकडे, मस्कत दुसऱ्याकडे. श्रीमंत भाग झांझिबारचा. म्हणून १८६१ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा दिला, की झांझिबारने मस्कतला दरसाल ४०,००० थेलर द्यावेत. १८७३ पासून ही रक्कम देण्याची जबाबदारी इंग्रजांनी आपल्याकडे घेतली, अट एवढीच की सुलतानाने तह पाळावेत आणि मैत्री राखावी. मस्कतच्या सुलतानाला ती रुपयांत मिळे. वर्षाला ८६,४००, महिन्याला ७,२००. भागाकार करा, थेलरला दोन रुपये अडीच आण्यांहून किंचित जास्त दर पडतो. तो हवेतून आलेला नाही. थेलरात शुद्ध चांदी सुमारे २३.४ ग्रॅम, रुपयात सुमारे १०.७. चांदीशी चांदी तोलली की २.१९ येते. हिशेब चोख होता.

मग आले १८९३. चांदीचा भाव जगभर पडत होता. हिंदुस्थान सरकारने त्या जूनमध्ये आपल्या टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीला बंद केल्या, म्हणजे कोणीही चांदीची लगड आणून रुपये पाडून घ्यावेत ही सोय संपली. पुढे काही वर्षांत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर जाऊन बसला आणि त्याच्या आतल्या चांदीशी त्याचा संबंध सुटला. थेलर मात्र चांदीच राहिला आणि चांदीबरोबर घसरला. १९०२ साली लंडनमध्ये चांदी औंसाला २४ पेन्सच्या आसपास होती. त्या भावाने थेलरातल्या चांदीची किंमत काढली तर एक रुपया साडेतीन आणे येते. हे माझे गणित केवळ धातूवरचे आहे. बाजारात हंगामाप्रमाणे, मागणीप्रमाणे दर वरखाली होतच असणार. पण दिशा कळायला एवढे पुरे.

याचा अर्थ काय झाला पाहा. इंग्रजांकडून मिळणारी दरसालची रक्कम रुपयांत ठरलेली, म्हणून तिचे बळ वाढले. ज्या ८६,४०० रुपयांत पूर्वी ४०,००० थेलर येत, त्यांतच आता सत्तर हजारांच्या घरात येऊ लागले. वरवर पाहता सुलतानाची चंगळ. पण जमेची ही एकच बाजू होती. जकात त्याला मिळे ती मस्कतच्या बाजारातल्या पैशाने, आणि लोक खात तो तांदूळ, नेसत ते कापड हिंदुस्थानातून येई, रुपयाच्या भावाने. डोंगरातल्या माणसाचा थेलर लहान होत गेला आणि त्याला वाटले सुलतान लुटतो आहे. कलकत्त्याच्या सरकारने आपल्या सोयीसाठी काढलेला हुकूम मस्कतच्या धान्यबाजारात महागाई म्हणून उतरला. त्यावर सुलतानाकडे काहीही उपाय नव्हता. उलट जी एक रक्कम वाढली, ती देणाऱ्याच्या मर्जीवर होती. ती मर्जी जपायचे कारणही तेवढेच वाढले.

लेखात दिलेल्या नाण्याचे पहिले साल १३११. ते सुरू होते जुलै १८९३ मध्ये, म्हणजे टांकसाळी बंद झाल्यानंतर महिन्याच्या आत. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या वर्षी फैसल यांच्यासमोर उत्पन्नाचे कोणते दरवाजे उघडे होते ते मोजले, तर मला तरी तांब्याशिवाय दुसरा सापडत नाही. जकात वाढवावी? आजोबांनी १८३३ मध्ये अमेरिकेशी आणि १८४४ मध्ये फ्रान्सशी तह करताना आयातीवर शेकडा पाचाची मर्यादा मान्य केली होती. स्वतः फैसल यांनी मार्च १८९१ मध्ये इंग्रजांशी तह केला त्यातही शेकडा पाचच. जमिनीचा एखादा तुकडा, एखादे बंदर कोणाला भाड्याने द्यावे? त्याच तहाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एक गुप्त करारनामा लिहून घेतला होता, की आपण आणि आपले वारस राज्याचा कोणताही भाग इंग्रज सरकारखेरीज कोणालाही विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, देणार नाही. कर्ज काढावे? ते भाटिया व्यापाऱ्यांकडून काढलेले होतेच. हे व्यापारी इंग्रजांचे प्रजाजन, म्हणजे वसुलीचा तगादा पोलिटिकल एजंटाच्या, म्हणजे मस्कतमधल्या इंग्रज वकिलाच्या, बंगल्यातून येणार. डोंगरातल्या टोळ्यांवर कर बसवावा? तिथे सुलतानाचा माणूस पोचला तरी पुरे.

उरले तांबे. तांब्याचे नाणे पाडण्यात राजाला दोन पैसे सुटतात, कारण त्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीहून कमी असते. हे गुपित नाही, प्रत्येक सरकार हेच करते. हिंदुस्थानात मात्र त्यावर दोन लगाम होते. रुपयाच्या आतल्या मोडीपुरतीच तांब्याची नाणी कायद्याने घ्यावी लागत, आणि पाठीशी सरकारी खजिना होता. मस्कतमध्ये पाठीशी तसा खजिना नव्हता. तिथे पाव आण्याची पत सराफाच्या आणि वाण्याच्या मनावर. नाणी जास्त झाली की तो बट्टा लावणार, म्हणजे दर्शनी किमतीहून कमी धरणार. मत्र्याच्या बाजारात कच्छी शेठ बट्ट्याचा हिशेब तोंडी किती झटकन करीत ते मी पाहिलेले आहे, आणि त्यांचे आजे-पणजे काही कमी हुशार नसणार. नाण्यावर ‘पाव आणा’ छापल्याने तो पाव आणा होत नाही. फैसल यांनी आकार हिंदुस्थानच्या पाव आण्यासारखा ठेवला, किंमत हिंदुस्थानच्या आण्यात लिहिली, इंग्रजी अक्षरे घातली, ती मांडलिकपणाची कबुली नसून नाणे चालावे म्हणून उसनी घेतलेली पत होती असे मला वाटते. डोंगरातल्या अरबाला इंग्रजी येत नव्हते, आणि भाटियाची वही गुजरातीत. ती अक्षरे वाचण्यासाठी नव्हतीच.

स्थानिक टांकसाळीचे काम कसे होते तेही नाणी सांगतात. १३१५ सालची नाणी सर्वांत जास्त सापडतात, आणि एकाच सालात ठसे इतके निरनिराळे की अक्षरे कुठे जाड, कुठे किडकिडीत, कुठे कडेबाहेर गेलेली. संग्राहक या फरकांवर जीव टाकतात. मला त्यात घाई दिसते. भराभर पाडायची होती.

आणि घाईला कारण होते. फेब्रुवारी १८९५ मध्ये शर्किया भागातल्या टोळ्या रातोरात मस्कत शहरात शिरल्या. त्यांनी राजवाडा घेतला. सुलतान जलाली किल्ल्यात जाऊन बसले, समोरचा मिरानी किल्ला त्यांच्या भावाने धरून ठेवला, आणि मधल्या गावात लूट झाली. इंग्रजांच्या युद्धनौका बंदरात आल्या, पण इंग्रजांनी सुलतानासाठी लढायचे टाळले. शेवटी बंडखोरांना पैसे देऊन वाटेला लावावे लागले. एवढ्यावर भागले नाही. लुटल्या गेलेल्या हिंदी दुकानदारांची भरपाई इंग्रजांनी सुलतानाकडून मागितली. घर फुटले सुलतानाचे, दंडही सुलतानालाच. लेखकांनी ही घटना एका ओळीत उरकली आहे, आणि ती नाण्यांच्या लेखात यायलाच हवी होती, कारण टोळीवाले तांबे घेऊन परत गेले नाहीत. त्यांना थेलर मोजावे लागले, आणि थेलर पाडणे सुलतानाच्या हातात नव्हते.

‘इमाम’ या किताबाबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलेले नाही, याचे नवल वाटले. ओमानमध्ये इस्लामातल्या इबादी पंथाच्या परंपरेप्रमाणे इमाम, म्हणजे धर्माचा आणि राज्याचा प्रमुख, निवडला जाई, गादीवर बसल्याने कोणी इमाम होत नसे. फैसल यांची निवड कधीच झाली नव्हती. त्यांच्या वडिलांना, तुर्की यांना, १८७१ मध्ये राज्य मिळाले तेच मुळी निवडून आलेल्या इमामाचा, अज्जान बिन कैसचा, पाडाव करून. आजोबासुद्धा निवडलेले इमाम नव्हते. अशा घराण्यातल्या माणसाने पाव आण्यावर स्वतःला इमाम म्हणवून घ्यावे, आणि तेही इंग्रजी बाजूला, यात मला धाडस कमी आणि सुरक्षित जागी केलेली मिरवणूक जास्त दिसते. परदेशी लोक मस्कतच्या राज्यकर्त्याला सवयीने इमामच म्हणत. त्यांच्या कानाला ते खटकणार नव्हते. ओमानच्या आतल्या भागातल्या, निझवा-रुस्ताककडच्या उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, खटकले असते. त्यांनी आपले उत्तर १९१३ साली दिले. टोळ्यांनी मिळून सालिम बिन राशिद अल खरूसी यांना इमाम निवडले आणि सुलतानाविरुद्ध हत्यार उपसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात फैसल वारले.

पण त्याआधीचा १८९९ चा प्रसंग सांगितल्याशिवाय लेखकांच्या ‘स्वतंत्र सुलताना’चा निकाल लागत नाही. मार्च १८९८ मध्ये, म्हणजे हिजरी १३१५ मध्येच, ज्या साली हे पाव आणे भरभरून निघाले, फैसल यांनी फ्रेंचांना मस्कतजवळच्या बंदर जिस्सा इथे कोळशाच्या साठ्यासाठी जागा देऊ केली. फ्रेंच वकील ओताव्ही यांचे वजन तेव्हा दरबारात वाढलेले होते. बातमी फुटली. नवा व्हाइसरॉय कर्झन नुकताच आलेला. फेब्रुवारी १८९९ मध्ये आखातातला इंग्रज रेसिडेंट कर्नल मीड मस्कतला आला, पाठोपाठ अ‍ॅडमिरल डग्लस ‘एक्लिप्स’ ही युद्धनौका घेऊन. सुलतानाने नौकेवर यावे, नाही तर राजवाड्यावर तोफा डागू. राजवाडा अगदी पाण्याला लागून. सुलतान नौकेवर गेले, आणि फ्रेंचांना दिलेला शब्द मागे घेतल्याचे लोकांसमोर जाहीर झाले. पुढे लंडनच्या सरकारला पॅरिसची समजूत घालावी लागली, कारण १८६२ चा तो कागद होता. १९०० मध्ये फ्रेंचांना कोळशाला जागा मिळाली ती इंग्रजांच्याच कोठारात, अर्धी वाटून. यात सुलतानाला कोणी विचारल्याचे दिसत नाही. तोफांच्या धमकीनंतर चार वर्षांनी, १९०३ मध्ये, कर्झन स्वतः मस्कतला आला आणि नौकेवरच सुलतानाच्या गळ्यात जी.सी.आय.ई.चा, म्हणजे इंग्रजांच्या हिंदी साम्राज्याचा, मानाचा किताब घातला.

मला फैसल यांची कीव करायची नाही. शस्त्रांच्या व्यापारावर त्यांना मिळणारी जकात चांगली होती, आणि मस्कतमार्गे गेलेल्या बंदुकांनी वायव्य सरहद्दीवर किती हिंदी शिपाई मेले याचा हिशेब त्यांनी ठेवला नसणार. त्यांना फ्रेंचांकडे झुकायचे होते ते काही स्वातंत्र्याच्या ओढीने नव्हे. दोन गिऱ्हाइके असली की भाव चढतो, एवढे त्यांना कळत होते. पण ज्याच्यापुढे दुसरे गिऱ्हाईक उभेच राहू द्यायचे नाही असे ठरलेले आहे, त्याला बाजारातला स्वतंत्र माणूस म्हणणे मला पटत नाही. त्यांचे चिरंजीव तैमूर १९१३ ते १९३२ गादीवर होते. त्यांनी स्वतःच्या नावाचे पाव आणेही पाडले नाहीत. रुपया मस्कतमध्ये इतका मुरला, की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढल्या आणि शेवटपर्यंत त्या धरून राहिला तो ओमानच. १९७० मध्ये सईदी रियाल आला, एकाला एकवीस रुपये या दराने, तेव्हा कुठे देशाला आपला मोठा पैसा मिळाला. मी नोकरीला गेलो तेव्हाही जुने लोक लहानसहान भाव रुपयातच सांगत, आणि मला ते मनातल्या मनात रियालमध्ये उतरवावे लागत.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. आखातात नोकरी केलेल्या पुष्कळ मराठी घरांत असा एखादा तांब्याचा पैसा पडलेला असतो. त्यावरचे १३१५ हे इसवी साल समजून तो चौदाव्या शतकातला आहे अशी समजूत करून घेऊ नये, आणि कोणी तसे सांगून विकत असेल तर घेऊ नये. तो १८९७-९८ चा आहे आणि दुर्मीळ अजिबात नाही. चिंच-मीठ लावून तो घासूही नये, किंमत होती तीही जाते.

दुसरे आपल्या छायाचित्रविभागासाठी. लेखासोबत नाण्याची फक्त इंग्रजी बाजू छापली होती, आणि तीही थेलरएवढी मोठी करून. प्रत्यक्षात पाव आणा इंचभर रुंद आहे आणि थेलर दीड इंचाहून मोठा. पुन्हा छापाल तेव्हा दोन्ही बाजू छापाव्यात, आणि दोन्ही नाणी शेजारी, खऱ्या मापात.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस